ब्रायंट पार्क, न्यूयॉर्क: मोकळ्या खुर्च्यांची बाग

मॅनहॅटनमधल्या ४२व्या स्ट्रीटवर, पब्लिक लायब्ररीच्या पाठीमागे ही बाग आहे. प्रवेश फुकट. आज इथे निर्धास्त बसता येतं, त्याचं मोठं श्रेय बागेच्या रचनेला जातं.

१९३४च्या आराखड्यात बाग रस्त्यापेक्षा उंचावर ठेवली होती, भोवती कुंपण आणि झुडपं होती. हेतू शांततेचा, पण फुटपाथवरून आतलं काही दिसेना आणि बाहेर पडायच्या वाटा मोजक्याच. सत्तरच्या दशकात अमली पदार्थ विकणाऱ्यांना हा आडोसा आयताच मिळाला. विल्यम व्हाइट या अभ्यासकाने नेमकं यावरच बोट ठेवलं. १९८८ ते १९९२ बाग बंद ठेवून झुडपं आणि कुंपण काढलं, नव्या वाटा उघडल्या, हिरवळीखाली लायब्ररीच्या पुस्तकांसाठी तळघर बांधलं. नव्वदच्या दशकात साऱ्या शहरातलीच गुन्हेगारी घटली हे खरं. तरीही आतलं बाहेरून दिसणं हा बदल इथे निर्णायक ठरला, असं माझं ठाम मत आहे.

सर्वांत आवडावी अशी गोष्ट म्हणजे हिरव्या घडीच्या खुर्च्या. हलक्या, साखळीने न बांधलेल्या. ऊन डोळ्यांवर आलं की खुर्ची उचलून सावलीत न्यायची. शेजारी नकोसा वाटला तर चार हात लांब सरकायचं. जमिनीत रोवलेल्या बाकावर हे जमत नाही. तिथे एखादं टोळकं ठाण मांडून बसलं की बाकीचे फिरकतच नाहीत. मात्र बैठक धातूच्या पट्ट्यांची असल्याने तासाभरात पाठ बोलू लागते, आणि थंडीत बैठक गारठते.

४२व्या स्ट्रीटच्या बाजूचं स्वच्छतागृह आवर्जून पाहावं. ताजी फुलं, शास्त्रीय संगीत, देखरेखीला माणूस. २०१७ मध्ये त्याचं नूतनीकरण झालं. जागा मात्र छोटी, त्यामुळे गर्दीत रांग लागते. दुपारी बारा ते दोन टाळा. तेव्हा ऑफिसवाले डबे घेऊन येतात आणि खुर्चीही मिळत नाही.

तक्रार एकच, पण मोठी. बाग चालवणारी खाजगी विनानफा संस्था भाडं, कार्यक्रम आणि आसपासच्या मालमत्तांवरच्या आकारणीतून खर्च भागवते. त्यामुळे हिवाळ्यात हिरवळीवर बर्फाचं मैदान आणि दुकानं येतात. मैदानात प्रवेश फुकट, पण स्वतःचे स्केट्स नसतील तर भाड्याने घ्यावे लागतात. निवांत बसायचं असेल तर उन्हाळ्यातच जा.

आपल्या शहरात अशा खुर्च्या ठेवायच्या असतील, तर त्या रोज आवरणाऱ्या आणि मोडलेल्या बदलणाऱ्या माणसांचा पगार आधी अंदाजपत्रकात धरा.