रत्नागिरीतला नीतिशास्त्राचा दोन दिवसांचा वर्ग: कांट पक्का, बाकी कच्चं

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत 2013 पासून नीतिशास्त्राचा 250 गुणांचा पेपर आहे, त्यासाठीचा हा शनिवार-रविवारचा वर्ग. फी जर्मन तत्त्वज्ञ कांटवरच वसूल होते.

उदाहरण आंब्याचं. पेटीत वरच्या थरात देवगड हापूस, खाली कर्नाटकी, लेबल ‘देवगड’. फळ्यावर कांटच्या चाचणीच्या तीन पायऱ्या: कृतीमागचा नियम एका वाक्यात लिहा, तो सगळेच पाळतात असं धरा, मग तो स्वतःलाच खोडतो का बघा. बहुतेक इथेच घसरतात. ‘गिऱ्हाईक तुटेल, धंदा बसेल’ असं लिहिलंत की उत्तर कांटचं राहत नाही, इंग्रज तत्त्वज्ञ मिलच्या उपयुक्ततावादात, म्हणजे परिणामांवरून बरं-वाईट ठरवण्यात, जातं. कांट म्हणतो ते वेगळंच: सगळेच खोटं लेबल लावू लागले तर लेबलाला अर्थच उरत नाही, मग फसवणार कशाने? दुसरी चूक, नियम अरुंद करणं. ‘मे अखेरीस, माल कमी असताना, फक्त मुंबईच्या पेटीत’ असा नियम चाचणीतून अलगद निसटतो. हे झकास समजावतात.

उपयुक्ततावाद ठीकठाक. सद्गुणवाद, म्हणजे नियम किंवा परिणामांऐवजी माणसाच्या स्वभावातल्या गुणांवर भर, जेमतेम वीस मिनिटं; ॲरिस्टॉटलचा मध्यममार्ग (सद्गुण दोन टोकांच्या मधे असतो) तर घाईत उरकलेला. आणि रत्नागिरीत बसून टिळक गाळायचे? 1915 च्या ‘गीतारहस्या’त कांट आणि मिल दोघांचीही चर्चा आहे. नोट्समध्ये निष्काम कर्म आणि कांटचं कर्तव्य एकच करून टाकलंय. गीतेतलं कर्तव्य स्वधर्मातून येतं, कांटचं निव्वळ विवेकातून.

झेरॉक्स नोट्स घेऊ नका, फळा उतरवून घ्या.