घासून नवं केलेलं बेअरिंग: अँबॅसिडरवाल्यांनो, जपून

कोल्हापुरात जुन्या गाड्या हौसेनं सांभाळणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही डिफरन्शियलचं (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणाऱ्या दातचक्रांच्या गोळ्याचं) कामसुद्धा घरीच करतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण मला फसवणाऱ्या दुकानदाराचा सगळा डाव आपण काम घरी करतो यावरच उभा होता.

आमची गाडी अँबॅसिडर मार्क फोर. जोतिबाच्या चढाला गॅस दिला की मागून घूं घूं, पाय उचलला की आवाजाचा सूर बदलायचा. पिनियनची, म्हणजे डिफरन्शियलमधल्या छोट्या दातचक्राची, टेपर बेअरिंगं गेली होती. या गाडीत हाफ शाफ्ट (चाकांकडे जाणारे दांडे) ओढले, प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून येणारा लांब दांडा) सोडला की डिफरन्शियलचा गोळा पुढून बाहेर येतो, म्हणून घरी जमतं. शहरातल्या एका दुकानात सीलबंद खोक्यात हवा तो नंबर मिळाला. "कंपनीचाच माल हाय, जुना स्टॉक. बिनघोर घ्या की!" किंमत नव्या मालाची. बिलावर फक्त 'बेअरिंग २ नग'. नंबर नाही, कंपनीचं नाव नाही.

उन्हाळ्यात काम केलं. कोन (बेअरिंगच्या आतल्या कड्या) प्रेसवर बसवले, पिनियनच्या फ्लँजला दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्यानं प्रीलोड (बेअरिंग किती आवळलंय तो ताण) मोजला, क्राऊनच्या, म्हणजे पिनियन फिरवतं त्या मोठ्या चक्राच्या, दातांना निळा रंग लावून खूण मधोमध येते का तेही पाहिलं. सगळं मॅन्युअलप्रमाणे. तरी पावसाळा संपायच्या आत आवाज परत आला, आधीपेक्षा कर्कश. ऑइल काढलं तर त्यात चमकणारी भुकटी.

उद्यमनगरातल्या ओळखीच्या टर्नरकाकांनी कोन भिंगाखाली धरला. तोंडावर लेसरनं कोरलेला नंबर ठळक होता; दिवा तिरका केला तसा त्याच्याखाली दुसऱ्याच नंबराचा पुसट माग दिसला. बफिंगनं कडेची धार गोल झालेली. भंगारातलं वापरलेलं बेअरिंग घासून, नवा नंबर मारून खोक्यात भरलेलं होतं.

दुकानदार म्हणाला, "घरात बसवलासा न्हवं? प्रीलोड चुकला असंल. आमी काय करनार?" हे उत्तर त्यानं विकतानाच तयार ठेवलं असणार, अशी माझी खात्री आहे. आणि बेअरिंगच्या पैशांचं एक वेळ सोडा, त्या भुकटीनं क्राऊन-पिनियनचे दात ओरबाडले. ही जोडी एकमेकींशी घासून जुळवलेली असते, त्यामुळे बदलायची तर दोन्ही बदलावी लागतात. आणि अँबॅसिडर बनवणारा बंगालमधला उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ पासून बंद आहे, मग नवी जोडी आणायची कुठून? याचा संताप अजून जात नाही.

बेअरिंग अधिकृत वितरकाकडूनच घ्या. बिलावर कंपनी आणि पूर्ण नंबर लिहायला लावा, नाही म्हणाला तर तिथून उठा. खोक्यावर उत्पादकाचा पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष बघा. बसवण्याआधी तिरक्या उजेडात कोन आणि कप (बाहेरची कडी) दोन्हींचे फोटो काढून ठेवा. घरी काम करणाऱ्याच्या हातात पुरावा तेवढाच असतो. एसकेएफ या बेअरिंग कंपनीचा माल असेल तर त्यांचं 'ऑथेंटिकेट' नावाचं ॲप आहे, शंका आल्यास फोटो पाठवून खातरजमा करता येते.

मी कोन, खोके आणि बिल जपून ठेवलंय. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे, तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे.