कॅनाल द्यु मिदी की पासा पाईस?

दक्षिण फ्रान्समध्ये सायकल चालवायची, गाड्या नकोत, ग्रॅव्हल म्हणजे खडीचा-मातीचा रस्ता हवा, तर घोळ या दोन मार्गांतच होतो. कॅनाल द्यु मिदी या कालव्याचा काठ तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे 240 किमी, 1681 पासूनचा, चढ जवळपास नाहीच. पण सुरुवातीचे साधारण 50 किमी डांबरी आणि पुढे कच्चं, झाडांची मुळं वर आलेली, पावसात चिखल, त्यात रोगामुळे काठावरचे हजारो प्लेन (चिनाराच्या जातीचे) वृक्ष तोडलेत, सावली गेली, याचं मला खूप वाईट वाटतं.
पासा पाईस म्हणजे माझामे ते बेदारियू, जुन्या रेल्वेलाईनवरचा सायकलमार्ग, 80 किमीच्या आसपास, दाबलेली खडी, बोगदे, डोंगर, चढही रेल्वेचाच म्हणून हळूहळू. दोन्ही टोकांना स्टेशन.
मुलं सोबत असतील, दोनच दिवस असतील तर पासा पाईस. आठवडा आणि जाड टायर असतील, बेझिएची लॉकची (बोटी वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या दारांची) उतरंड बघायची असेल तर कालवा.