अ‍ॅमरिलिसचा तयार संच: कंद ठेवा, कुंडी बदला

अ‍ॅमरिलिस हे कंदापासून वाढणारं फुलझाड. त्याच्या संचाच्या खोक्यात तीन वस्तू निघतात: कंद, प्लास्टिकची कुंडी आणि कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) दाबलेली चकती. पैसे वसूल होतात ते कंदाचे, बाकीचा ऐवज त्याच्या मुळावरच उठतो.

घेताना रंगीत फोटोला भुलू नका, खोक्यावर छापलेला कंदाचा घेर बघा. २४-२६ सेंमी घेराचा कंद बहुतेक वेळा फुलांचा एकच दांडा देतो. ३०च्या पुढे दोन, क्वचित तीन. दांड्याला साधारण चार फुलं. कंद हातात जड आणि टणक लागायला हवा. बुडाशी मऊ पडलेला सरळ परत करावा. खोक्यातच फुटलेला फिकट, वाकडा कोंब मात्र चालतो, उजेडात आला की हिरवा होऊन सरळ होतो.

खरी गोम कुंडीत आहे. अशा कुंड्यांना पुष्कळदा खाली भोकच नसतं. पाणी तळाशी साचतं आणि मुळं फुटायच्या आधीच कंदाचं बूड कुजतं. वर कोंब दिसत असल्यामुळे ते लक्षातही येत नाही. शिवाय कुंडी इतकी हलकी की फुलं आली की सगळं आडवं. कंदाभोवती दोन बोटं जागा राहील अशी भोकाची मातीची कुंडी घ्या. कोकोपीट कोमट पाण्यात फुगवून घट्ट पिळा, त्यात तितकंच कंपोस्ट आणि मूठ-दोन मूठ जाड वाळू मिसळा, कारण नुसत्या कोकोपीटमध्ये पोषण जवळपास नसतंच. कंदाचा वरचा तिसरा भाग उघडा ठेवा. एकदा पाणी द्या, मग कोंब बोटभर होईपर्यंत हात आखडता. पाणी कडेनं, कंदाच्या शेंड्यावर नको. साधारण ६ ते ८ आठवड्यांत फूल येतं.

सोबतचं माहितीपत्रक फुलांपाशीच संपतं, आणि म्हणूनच कितीतरी कंद कचऱ्यात जातात. फुलं सुकली की फक्त दांडा कापा. पानं राहू द्या, पुढच्या फुलांचा साठा तीच करतात. काही महिने ऊन, पाणी, खत द्या. मग पाणी तोडून ८ ते १० आठवडे थंड, कोरड्या जागी विश्रांती.

मेणाचं आवरण चढवलेले कंद शोभेचेच समजा. बहुतेकांच्या मुळांची जागाच कापलेली असते. आणि घरात मांजर-कुत्रं असेल तर जपून, कंद विषारी असतो.