मोबाईल चोरीला गेला तेव्हा: ई-एफआयआर, संचार साथी आणि थान्याचा अनुभव (इंदूर)

मी 19 वर्षं पोस्टाच्या आरडीची एजंट आहे. रामबाग, नारायण बाग, स्नेहलतागंज आणि इकडे सुदामा नगर धरून साठेक घरांचे हप्ते माझ्याकडे येतात. कोणाचा हप्ता राहिलाय, कोणाची मुदत कधी भरतेय, सगळं मोबाईलमध्ये. तोच मागच्या दिवाळीच्या आठवड्यात गेला. राजवाड्याहून महूनाक्याकडे येताना ई-रिक्षात शेजारी दोन मुलं बसली. एकाने जाकीट काढून मांडीवर घेतलं, त्याची बाही माझ्या पर्सवर आली. मला वाटलं, दाटी आहे. मुलं मध्येच उतरली आणि मी पाहिलं तर पर्सची चेन उघडी. हप्त्यांचं पाकीट तळाशी तसंच होतं, मोबाईल नव्हता. रिक्षावाल्याच्या फोनवरून नंबर लावला. दोनदा वाजला, मग बंद.

आधी बँकेला कळवलं, मग सिम बंद केलं. हा क्रम सगळ्यांनी लक्षात ठेवावा, कारण फोनपेक्षा यूपीआय महाग पडतं. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.

घराजवळच्या थान्यात गेले तर उत्तर मिळालं, "हमारा एरिया नहीं है, राजवाड़े तरफ जाइए." 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, माहिती कोणत्याही थान्यात देता येते. झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. माझा भाचा वकिली शिकतो, त्याच्यामुळे मला हे माहीत होतं. मी सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि परत तिकडेच जायला सांगितलं. रात्रीचे 8 वाजले होते, मी गेले.

दुसऱ्या थान्यात लिखापढी करणाऱ्या मुंशीजींच्या टेबलावर काचेखाली खजराना गणपतीचा फोटो होता आणि काचेवर छापील कागदांचा गठ्ठा. त्यातला एक माझ्यापुढे सरकवला. नाव, पत्ता, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) यांच्या जागा रिकाम्या. वाक्य मात्र आधीच छापलेलं: मेरा मोबाईल अमुक ठिकाणी 'कहीं गुम हो गया'. मी 'गुम हो गया' खोडून वर 'चोरी हुआ' लिहिलं. मुंशीजींनी कागद ओढून घेतला, चुरगळला नाही की काही नाही, नीट घडी करून बाजूला ठेवला आणि दुसरा दिला. "माताजी, गुम ही लिखिए. चोरी लिखोगी तो कोर्ट से छुड़ाना पड़ेगा."

आता हे खोटं नाही. चोरीची एफआयआर झाली की सापडलेला फोन मुद्देमाल होतो, तो कोर्टाच्या आदेशाने सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागितला की हजर करायच्या अटीवर मिळतो. गुमचा अर्ज असेल तर थान्यातूनच हातात देतात. म्हणजे गुम लिहिणाऱ्याचा त्रास खरंच कमी होतो. पण गुमचा अर्ज गुन्ह्यांच्या आकड्यात येत नाही, आणि माझं दुखणं तिथेच आहे. राजवाड्याच्या रिक्षांत फोन चोरीला जातात हे सरकारी कागदावर आलंच नाही, तर संध्याकाळी तिथे साध्या कपड्यातला शिपाई उभा करायची गरज कोणाला दिसणार? डिसेंबर 2021 मध्ये इंदूरला पोलीस कमिश्नर आले तेव्हा आम्हाला केवढी आशा होती. साहेब कितीही चांगले असोत, सामान्य माणसाचं पोलिसांबद्दलचं मत मुंशीजींच्या टेबलावरच बनतं.

अर्ज न देताच घरी आले. मध्य प्रदेश पोलिसांनी ऑगस्ट 2021 मध्ये ई-एफआयआर सुरू केली आहे: 1 लाखापर्यंतची साधी चोरी आणि 15 लाखांपर्यंतचं वाहन, चोर अनोळखी असला आणि कोणाला इजा झालेली नसली तर. यजमानांच्या नंबरवरून पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर लॉगिन केलं आणि 25 मिनिटांत तक्रार भरली. हिंदी फार सरकारी आहे, पण घडलं ते स्वतःच्या शब्दांत लिहायला जागा आहे, आणि तिथे आधीच 'गुम' लिहून ठेवलेलं नाही. दुसऱ्या दिवशी एका प्रधान आरक्षकाचा (हेड कॉन्स्टेबलचा) फोन आला. ऑनलाइन तक्रारीवर 3 दिवसांत सही करावी लागते, ती मी करून आले. एफआयआरची प्रत मोफत मिळाली, तो तक्रारदाराचा हक्कच आहे. त्यावर चोरीचं कलम: भारतीय न्याय संहितेचं 303, जुन्या भादंविचं 379.

मग संचार साथी. केंद्र सरकारचं हे पोर्टल देशभरासाठी मे 2023 मध्ये सुरू झालं. त्यातल्या सीईआयआर या भागात एफआयआरची प्रत, ओळखपत्र आणि आयएमईआय टाकला की फोन देशातल्या सगळ्या नेटवर्कवर बंद होतो. कोणी दुसरं सिम घातलं की माहिती थान्याकडे जाते. आयएमईआय म्हणजे 15 आकडे, खोक्यावर आणि बिलावर असतात. खोकं मी टाकलं नव्हतं, कागद सांभाळायची सवय धंद्याची. एक अडचण आली. नवीन सिमवर पहिले 24 तास एसएमएस येत नाहीत, त्यामुळे ओटीपी येईना. सिम घेतल्या दिवशी पोर्टलशी झगडू नका, दुसऱ्या दिवशी बसा. एवढं सोडलं तर या पोर्टलला माझे 5 पैकी साडेचार.

त्या प्रधान आरक्षकांना मात्र पूर्ण 5. पाच महिन्यांत मी दहा वेळा तरी फोन केला असेल, एकदाही चिडले नाहीत. मार्चमध्ये त्यांचाच फोन आला: धार जिल्ह्यातल्या एकाने फोनमध्ये सिम घातलंय, त्याने दुकानातून बिलाशिवाय 4,000 ला घेतलाय. त्याला बोलावलं, फोन जप्त केला. भाच्याच्या सरांनी कोर्टात अर्ज लावला, दोन तारखांत सुपुर्दनाम्यावर फोन मिळाला. विकायचा नाही, कोर्टाने मागितला की हजर करायचा, असा बंधपत्रावर मजकूर आहे. फोन सुरू केला तर पडद्यावर दोन-अडीच वर्षांच्या मुलीचा फोटो, कपाळाला मोठा काळा टिळा. त्या बापाचे 4,000 गेले. जुना फोन घेणाऱ्यांनी केवायएम ही इंग्रजी अक्षरं, जागा सोडून 15 आकडे, असा एसएमएस 14422 वर पाठवावा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथेच कळतं. रिक्षातली ती दोन मुलं अजून सापडलेली नाहीत.

थान्याच्या टेबलाला मी 2 देते. वागणूक चांगली होती, कोणी एक पैसा मागितला नाही. पण आलेल्या माणसाकडून त्याच्याशी घडलेलं बदलून लिहवून घेणं, याला मी चांगली सेवा म्हणणार नाही.

नंतर हप्ते घ्यायला जाताना मी घरोघर विचारत गेले. 11 घरांतले फोन गेलेले निघाले. चौघं थान्यात गेलीच नव्हती, "मिळणार थोडाच आहे!" म्हणून. सात जणांकडे गुमच्या अर्जाची पावती. एफआयआर एकाकडेही नाही.

मागच्या आठवड्यात रामबागेतल्या एका काकूंचा फोन भाजी घेताना गेला. त्यांना ऑनलाइन जमत नाही, म्हणून मी बरोबर गेले. तोच छापील कागद पुढे आला. काकूंनी तो परत दिला, कोरा कागद मागितला आणि बाकावर बसून चोरीचा अर्ज हिंदीत स्वतःच्या हाताने लिहिला. मध्ये दोनदा त्यांना समजावून झालं, त्या लिहीतच राहिल्या. एफआयआरची प्रत हातात पडायला पावणेदोन तास लागले.