‘पार्ट मुंबईला गेलाय, ताई’

असेंबल केलेला कॉम्प्युटर विकताना दुकानदार ‘तीन वर्षं वॉरंटी’ म्हणतो, तेव्हा ती वॉरंटी कोणाची, हे सहसा कोणी विचारत नाही. दुकानाची, की आतले पार्ट बनवणाऱ्या कंपनीची? माझ्या सगळ्या मनस्तापाचं मूळ या एका प्रश्नात निघालं, म्हणून तो आधीच लिहून ठेवते.

मी कराडला राहते आणि घरूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका. जुन्या कॉम्प्युटरवर कोरल ड्रॉ उघडायला लागेपर्यंत चहा होऊन जायचा, तेव्हा पुण्यातल्या एका मोठ्या दुकानातून नवा बांधून घेतला. दुकानाचं नाव लिहीत नाही. त्यांची पद्धत सांगते, कारण ती पद्धत चालवणारं ते एकटंच दुकान नसणार.

किंमत ठरली जीएसटी धरून 56,000 रुपये. बिलाशिवाय घेतलंत तर 18 टक्के सुटतील, असं शेठनी हळूच सुचवलं. मी बिलच मागितलं आणि मिळालंही, पण त्यावर एकच ओळ: ‘असेंबल्ड कॉम्प्युटर, 1 नग’. प्रोसेसर कुठला, रॅम किती, एसएसडी (सगळा डेटा जिच्यात साठतो ती डिस्क) कोणत्या कंपनीची, काहीच नाही. सिरीयल नंबर लिहून द्या म्हटलं तर, “ते आमच्या सिस्टिममध्ये असतात ताई, बिलावर एवढी जागा कुठे?” पार्टची खोकी मागितली तर, “ती आम्ही ठेवतो, वॉरंटीला लागतात.” शिवाय कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूवर दुकानाचं स्टिकर चिकटवलेलं, फाटलं की वॉरंटी रद्द. एकेक गोष्ट सुटी पाहिली तर किरकोळ वाटते. तिन्ही एकत्र ठेवल्या की दिसतं ते एवढंच, की डब्याच्या आत काय आहे ते गिऱ्हाइकाला कळता कामा नये.

पावसाळा संपत आला तेव्हा त्रास सुरू झाला. काम करता करता मशीन गोठायचं, बंद करून चालू केलं की काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’, म्हणजे सुरू व्हायला लागणारी डिस्कच सापडत नाही. थोडा वेळ तसंच ठेवलं की पुन्हा सुरू व्हायचं, जणू काही झालंच नाही. कधी फाइल असायची पण उघडायची नाही. नेमकं सहामाहीच्या पेपरांचं काम हातात होतं.

दुकानात नेलं. काउंटरवरच्या मुलाने मशीन लावलं, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, “व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल.” फॉरमॅटचे, म्हणजे आतलं सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचे, 500 रुपये वेगळे, कारण सॉफ्टवेअर वॉरंटीत येत नाही. घरी आणल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. मग निदान बदललं: “तुमच्याकडे लाइटचा प्रॉब्लेम असणार. अर्थिंग करून घ्या.” कोयना धरण आमच्या शेजारच्या पाटण तालुक्यात आहे, पण पुण्यातल्या काउंटरवरून पाहिलं की साताऱ्याच्या पुढे सगळीकडे अंधारच दिसतो बहुतेक. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासलं, ते व्यवस्थित होतं, आणि यूपीएस तर पहिल्यापासूनच होता. हे सांगितल्यावर, “मग विंडोज परत टाकून बघू.” परत 500.

हे फॉरमॅटचं प्रकरण नीट समजून घ्या. एसएसडी मरायला लागली असेल, तर फॉरमॅट केल्यावर मशीन काही दिवस बरं चालू शकतं. तेवढ्यात दुकानाला पैसेही मिळतात आणि वॉरंटीचे महिनेही सरतात. खरं तर एसएसडीची तब्येत पाहायला कॅबिनेट उघडावंही लागत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. ते एसएसडीचं मॉडेल, सिरीयल नंबर, किती टक्के आयुष्य उरलंय आणि आजवर एकूण किती तास ती चालली आहे, हे सगळं एका खिडकीत दाखवतं. कोणताही दुरुस्तीवाला पहिल्यांदा हेच उघडतो. या दुकानात ते कोणी उघडलं नाही.

शेवटी मशीनला एसएसडी पूर्णच दिसेनाशी झाली आणि मशीन दुकानात ठेवावं लागलं. जॉबशीट, म्हणजे मशीन दुरुस्तीला घेतल्याची पावती, मागितली तर शेठ हसले, “ओळखीच्या माणसाला कागद कशाला?” मी हलले नाही, तेव्हा त्यांनी आपल्याच व्हिजिटिंग कार्डाच्या मागे ‘सीपीयू मिळाला’ असं लिहून तारीख टाकली. बाहेर पडल्यावर लगेच मी दुकानाच्या नंबरवर व्हॉट्सॲप केलं: आज अमुक तक्रारीसाठी मशीन जमा केलं, आत माझा डेटा आहे, तो मला विचारल्याशिवाय पुसू नये. उत्तरात अंगठा आला. पुढे हा अंगठा आणि ते कार्ड यांनीच काम केलं.

मग सुरू झाली मुंबई. “पार्ट मुंबईला गेलाय, ताई.” त्यानंतर तो कुरिअरमध्ये होता, मग कंपनीचा सर्व्हर डाउन होता, मग दिवाळीमुळे सर्व्हिस सेंटर बंद होतं. दरम्यान सीझनची कामं दुसरीकडे गेली, आणि एकदा गेलेली पतसंस्था परत येत नाही. एका ओळखीच्या हार्डवेअरवाल्या मुलाने मला विचारलं, “काकू, आरएमए नंबर दिलाय का त्यांनी?” कंपनी दुरुस्तीसाठी किंवा बदलीसाठी पार्ट स्वीकारते तेव्हा त्या दाव्याचा एक नंबर पडतो. तो नंबर घेऊन आपण कंपनीला थेट विचारू शकतो. दुकानात विचारलं तर, “तो आतल्या लोकांकडे असतो.” आतले लोक म्हणजे कोण, ते काही कळलं नाही. दुकान दोन खोल्यांचं आहे.

अखेर मशीन परत मिळालं. “नवीन एसएसडी टाकलीय, कंपनीकडून आली.” घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं. चालू तास 9,000 च्या वर. वर्षात तास असतात 8,760. म्हणजे माझी ‘नवीन’ एसएसडी कुठेतरी एक वर्षाहून जास्त काळ रात्रंदिवस चाललेली, किंवा ऑफिसच्या वेळेत कित्येक वर्षं.

मग मला फोटो आठवला. मशीन बांधत होते त्या दिवशी भावाला दाखवायला मी मोबाइलवर फोटो काढला होता, त्यात मूळ एसएसडीवरचं लेबल वाचता येत होतं. तो सिरीयल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर वॉरंटी तपासायच्या पानावर टाकला. उत्तर आलं की हा पार्ट कंपनीने किरकोळ विक्रीसाठी नव्हे, तयार कॉम्प्युटरमध्ये बसवण्यासाठी दिलेला आहे आणि वॉरंटीसाठी विक्रेत्याशी संपर्क साधावा. बाजारात याला ओईएम पार्ट म्हणतात. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांना हे पार्ट घाऊक जातात आणि मग कुठून कुठून सुटे होऊन स्वस्तात बाजारात येतात. पार्ट चांगलाही असू शकतो, पण बनवणारी कंपनी त्याची जबाबदारी तुमच्याशी घेत नाही. प्रोसेसरचंही तसंच आहे. इंटेलच्या खोकेबंद प्रोसेसरला कंपनीची 3 वर्षांची वॉरंटी असते, तर ट्रेमधून सुटा आलेला घेतला तर ज्याने विकला त्याच्याच दारात जायचं.

तेव्हा सगळं जुळलं. खोकी का दिली नाहीत, तर खोकी नव्हतीच. सिरीयल नंबर का लिहिला नाही, आरएमए नंबर का नव्हता, तेही कळलं. माझा पार्ट मुंबईला गेला नव्हता, कारण मुंबईत तो घेणारं कोणी नव्हतंच.

मग तो होता कुठे? याने मला जास्त घाबरवलं. त्या एसएसडीवर शाळांच्या प्रश्नपत्रिका होत्या आणि पत्रिका छापणाऱ्या कुटुंबांचे पत्ते, फोन होते. एका संस्थेने सभासद यादीसाठी आधारच्या प्रती पाठवल्या होत्या, त्याही. मला दिलेली एसएसडी जशी कुणाच्या तरी मशीनमधून आली, तशी माझी उद्या कुणाच्या मशीनमध्ये जाईल? एका मशीनला दिसेनाशी झालेली एसएसडी दुसऱ्या मशीनवर कधी कधी पुन्हा दिसते, असं त्या हार्डवेअरवाल्या मुलानेच सांगितलं. वॉरंटीच्या कागदावर डेटाची जबाबदारी कोणीच घेत नाही. माझी मूळ एसएसडी परत द्या, ही मागणी मी त्या दिवसापासून लेखी करत राहिले. ती आजवर मिळालेली नाही. शाळांना मी स्वतः कळवलं आणि त्यांनी पेपर बदलले.

शेठना तासांचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यांचं म्हणणं, “रिप्लेसमेंटमध्ये कंपनी रिफर्बिश्डच देते, नियमच आहे.” यात थोडं तथ्य आहे. बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीच्या अटींत बदली म्हणून नूतनीकरण केलेला पार्ट देण्याची मुभा असते. पण तो कंपनीकडून आला असेल तर त्याचा कागद असतो. तो दाखवा म्हटल्यावर सूर बदलला: “तुम्ही मशीन धंद्याला वापरता. तुम्ही ग्राहक होतच नाही.”

हे वाक्य ऐकून पुष्कळ जण गप्प बसतात, म्हणून सांगते. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर राहते हे खरं, पण 2019 च्या त्याच कायद्यात स्पष्टीकरण आहे, की केवळ स्वयंरोजगारातून आपला उदरनिर्वाह करण्यासाठी जी वस्तू माणूस घेतो आणि स्वतः वापरतो, ती ‘व्यापारी कारणा’त मोडत नाही. शिंप्याचं मशीन आणि माझा डीटीपीचा कॉम्प्युटर दोन्ही या स्पष्टीकरणात बसतात. बिलावर छापलेलं ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हेही त्यांनी दाखवून पाहिलं. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही कायद्याच्या व्याख्येत अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर माल परत घेण्याची मुदत दिलेली नसेल तर ती 30 दिवसांची धरतात.

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन केला, तिथे मराठीतही बोलता येतं. ते तक्रार नोंदवून समोरच्याकडे पाठवतात, पण आदेश देण्याचा अधिकार त्यांना नाही. एवढ्यानेही शेठचा फोन आला, आवाजात मध. “ताई, डायरेक्ट सांगायचं ना, सरकारकडे कशाला गेलात?” मी डायरेक्ट सांगितलेलं सगळं व्हॉट्सॲपवर तारखेनिशी होतं. त्यांनी दुसरी एसएसडी देऊ केली. सिरीयल नंबर आधी पाठवा म्हटलं, त्यावर पुन्हा शांतता. (ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशींनी 1974 साली याच पुण्यात सुरू केली होती, हे मला त्या शांततेत सारखं आठवत होतं.)

मग स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली आणि पोचपावती जपून ठेवली. नोटिशीची मुदत संपल्यावर ई-जागृती पोर्टलवरून साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. बिलावर ‘सर्व वाद पुणे न्यायकक्षेत’ असं छापलेलं होतं, पण 2019 च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील लागतोच असं नाही. बिल, कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट, लेबलचा फोटो, कंपनीच्या पानाची प्रिंट आणि चालू तासांची प्रिंट जोडली. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. म्हणूनच तर ‘आज येईल, उद्या येईल’ चालतं.

आयोगाची नोटीस दुकानात पोचली आणि बोलणी सुरू झाली. एसएसडीची पूर्ण किंमत, फॉरमॅटचे घेतलेले पैसे आणि वर थोडी नुकसानभरपाई. बुडालेल्या सीझनच्या मानाने ती काहीच नव्हती, पण निकालापर्यंत थांबले असते तर कामाचे आणखी किती दिवस गेले असते, याचा हिशेब करून मी मान्य केलं. मूळ एसएसडी सापडत नाही, हे त्यांच्याकडून लेखी घेतलं. त्यांनी मात्र आधी तडजोडीच्या पुरशिशीवर (वाद मिटल्याचं आयोगाला द्यायचं लेखी निवेदन) सही मागितली, पैसे दुसऱ्या दिवशी टाकतो म्हणाले. पैसे खात्यात दिसल्यावरच मी सही केली.