एल्मिना की केप कोस्ट: घानाचा कोणता किल्ला पाहावा?

दोन्ही किल्ले जागतिक वारसा यादीत 1979 पासून आहेत आणि त्यांच्यात जेमतेम 12-13 किलोमीटर अंतर आहे. तरीही दोन्ही एकाच दुपारी उरकू नयेत. गुलामांना जिथे डांबून ठेवत ती तळघरं तीच वाटू लागतात आणि दुसऱ्याकडे लक्ष राहत नाही.

एल्मिना जुना: पोर्तुगीजांनी 1482 मध्ये बांधला, म्हणजे गोवा घेण्याच्या 28 वर्षं आधी. 1637 मध्ये डचांनी समोरच्या टेकडीवर तोफा चढवून तो घेतला. त्या टेकडीवर आज सेंट जागोचा किल्ला आहे. आधी तिथे चढा, मग एल्मिना का पडला ते नकाशाशिवाय कळतं. आत गुलाम स्त्रियांच्या अंगणावर गव्हर्नरचा सज्जा आहे. तिथून खाली पाहून तो स्त्री निवडत असे.

केप कोस्ट ब्रिटिशांचं मुख्य ठाणं. पुरुषांच्या तळघरावरच प्रार्थनाघर होतं. शिवाय इथे संग्रहालय आहे. गुलामांच्या व्यापाराची ओळख नसेल तर सुरुवात इथूनच करा, तीही संग्रहालयापासून.

तळघरांत उतार, ओल आणि अंधार असतो, हवा कोंदट. सपाट चपला घसरतात, पकड असलेले बूट घाला. वाटाड्याशिवाय फिरलात तर रिकाम्या खोल्याच दिसतील.